पोळ्याच्या दिवसाची ग्रामसभा

मांडवखेड, ता. लोणार
११ फेब्रुवारी २०२५

जाऊबाई,

पाया पडते. नऊ वर्षांनी पडते, तरी पडते. फोन लावला की तुमचा राजकुमार म्हणतो, "काकू, आई झोपली." सकाळच्या अकरा वाजता कोणती बाई झोपते, अन् ते बी तुमच्यासारखी? म्हणून पत्र लिहून राह्यली. सुचिता, तूच वाचून दाखवशील हे मले माहीत आहे. तुझ्या आजीले अक्षर येत नाई अन् तुझ्या बापाले कापसाच्या जिनिंगमधल्या नोकरीतून सवड नाई. मोठ्यानं वाच, मधातलं गाळू नको.

लिहाचं कारण असं, की आपल्या घरी एक पोरगी राहाले आली. अर्पिता नाव. घर मेहकरचं, पण शिकते पुण्याकडे विद्यापीठात. म्या विचारलं, काय शिकते? त म्हणे, "सार्वजनिक प्रश्नासाठी लोक एकत्र कसे येतात आणि आपला कारभार कसा चालवतात, यावर संशोधन करते, काकू." म्या म्हटलं, येत नाई वो बाई एकत्र, जा घरी. ती हसली अन् वहीत लिहून घेतलं. आता मी जपून बोलते, म्हणजे थोडा वेळ जपते अन् मंग विसरते.

तिनं सुलतानपूरच्या अल्याडपल्याडची सात गावं फिरून पाह्यली. उन्हाळ्यात सगळीकडं पाण्यावरून भांडणं. कुठं हंडे फुटले, कुठं पोलिसात तक्रार, एका गावात त दोन घरचं लग्न मोडलं. आपल्याच गावात काही नाई. "इथे भांडण का होत नाही, ते मला शोधायचंय," म्हणे. झालेल्या गोष्टीचा तपास करणारे आपण पाह्यले, न झालेल्या गोष्टीचा तपास करणारी ही पहिलीच. मले तिची मोठी गंमत वाटून राह्यली. रात्री जेवताना ती मले प्रश्न विचारते अन् मी तिले. कोणाची किती उत्तरं मिळाली ते देव जाणे.

मार्च लागला की नळकोंडाळ्यावर आपल्याकडं कशी पाळी लागते, ते तिनं सगळं उतरवून घेतलं. सगळ्यात लांबचं घर आधी. म्हणजे खालच्या वस्तीतली गोजरबाई पहिली, अन् नळाले खेटून असलेल्या पंजाबरावाचं घर सगळ्यात शेवटी. माणशी दोन हंडे. पाहुणा असला त एक जास्ती. दोघी भांडल्या त दोघींची पाळी शेवटी. तिनं विचारलं, हे कोणी ठरवलं? सगळे म्हणतात, पहिल्यापासून तसंच आहे.

मी बी तेच सांगतलं, जाऊबाई.

तुमची
सुभद्रा

---

मांडवखेड
२५ फेब्रुवारी २०२५

जाऊबाई,

उत्तर नाई आलं. येईल असं म्या धरलंच नव्हतं, पण टपालवाला दिसला की नजर जाते.

या पंधरा दिवसांत अर्पितासंगं सगळं गाव हिंडली. दीडशे उंबरे. तिचा प्रश्न एकच: पाण्याचं अडलं त तुम्ही कोणाकडं जाता? घरी येऊन ती एका मोठ्या कागदावर गोल काढते, गोलात घराचं नाव लिहिते, अन् ज्याचं नाव सांगतलं त्याच्याकडं रेघ ओढते. मी बाजूले बसून पाहते. आपण जलमभर ज्या गावात राह्यलो ते कागदावर असं दिसते हे मले कुठं माहीत होतं? कोण कोणाले विचारते, कोणाले कोणी विचारत नाई, सगळं उघडं. माझ्याकडं चार रेघा आल्या. म्या मोजल्या. सत्तावीस वर्षं अंगणवाडीत यांची लेकरं सांभाळली अन् चार रेघा.

पंजाबरावाकडं अकरा. ग्रामसेवकाकडं नऊ. अन् एक गोल असा झाला की त्यात जाणाऱ्या रेघांनी कागद काळा पडला. एकसष्ट. तो गोल तुमचा आहे.

गोजरबाईकडं काय झालं ते सांगते. आता तिले धड दिसत नाई, पण तोंड तसंच चालू. अर्पितानं विचारलं, त ती म्हणे, तानुबाईले सांगतो. त्या कुठे राहतात? खामगावले, लेकाकडं. किती वर्षं झाली? असतीन आठ-नऊ. मंग अर्पितानं पेन खाली ठेवलं अन् विचारलं, की आजी, मग तुम्ही त्यांना सांगता कसं?

गोजरबाई म्हणे, "मनात सांगतो. तानुबाई काय म्हणाली असती ते पाहतो, अन् तसं करतो. दुसरं काय लागते?"

अर्पितानं मंग काहीच लिहिलं नाई. वाटेत मले विचारलं, "काकू, या तानुबाई कोण?" म्या म्हटलं, होती एक.

हो, असंच म्हटलं. तुमचं कुलूप लावलेलं घर आमच्या भिंतीले भिंत लावून उभं, अन् मी म्हणते होती एक. सांजच्याले जेवताना तुमच्या दिरानंच सांगून टाकलं, की तानुबाई म्हणजे आमची वहिनी, हिची जाऊ. पोरगी घास हातात धरून माझ्याकडं पाहत राह्यली. म्या म्हटलं, तू विचारलं नाई. ती म्हणे, "विचारलं होतं, काकू." मंग म्या तिच्या ताटात आणखी एक भाकर टाकली.

दुष्काळाच्या त्या साली तुम्ही नळावर पहिल्या दिवशी गोजरबाईचा हंडा धरून सगळ्याच्या पुढं नेऊन ठेवला होता अन् म्हटलं होतं, जिले जास्त चालाचं तिनं आधी भराचं. ही गोष्ट अर्पिताले अजून कोणीच सांगतली नाई. मले आठवते. मी तुमच्या मागंच उभी होती, अन् मले तुमचा राग आला होता.

सुभद्रा

---

मांडवखेड
१९ मार्च २०२५

जाऊबाई,

गावात आता नवी नळयोजना आली. घरोघर तोट्या बसल्या. पाइप वरच्या अंगानं येते, म्हणून पंजाबराव म्हणतो की पाळी बी वरूनच सुरू करा. वरून सोडलं त खालच्या वस्तीत धारसुद्धा पोचणार नाई, हे त्यालेही समजते. एक मेच्या ग्रामसभेत पाण्याची नवी समिती निवडाची आहे. तिथं हे ठरलं त तुमची पाळी गेली. गोजरबाईनं या वयात डोळ्यानं दिसत नसताना वरच्या आळीले हंडा घेऊन याचं.

गावचा पुढारी असला तरी पंजाबराव मनानं वाईट नाई, हे तुमाले बी माहीत आहे. अर्पिताले दोनदा बोलावून चहा पाजला, सोयाबीनचे भाव सांगतले. पण नळाची चावी आपल्या हाती असावी असं त्याले तवाही वाटे अन् आताही वाटते.

दुसरं असं, की अर्पिता ग्रामपंचायतीत बसून जुनी इतिवृत्तं वाचून राह्यली. ग्रामसभेत काय ठरलं, कोण हजर होतं, ते त्यात राहते. दुपारी मले बोलावलं. एक सप्टेंबर दोन हजार सोळाचं पान काढून ठेवलेलं. त्यात लिहिलं होतं, की पाणी समितीच्या अध्यक्षा तानुबाई यांनी प्रकृतीच्या कारणानं स्वखुशीनं पद सोडलं, अन् त्यांच्या जागी पंजाबरावाच्या घरवालीची निवड झाली. खाली सह्या अन् अंगठे मिळून एकशे अठ्ठावीस. पोरीनं मोबाइलात कॅलेंडर काढलं अन् म्हणे, "काकू, त्या दिवशी पोळा होता."

आता तुम्हीच सांगा, पोळ्याच्या दिवशी या गावात एकशे अठ्ठावीस माणसं चावडीत बसतीन? माणसं बैल धुऊन राह्यली, बाया पुरणाच्या मागं. मले हसू आलं. मंग तिले समजावून सांगतलं, की सभेले कोरम होत नाई, म्हणून रजिस्टर घरोघर फिरते. कधी शिपाई नेते, कधी अंगणवाडीची बाई. माणसं सही करतात, अंगठा लावतात, सभा झाली. नंतर वर काय लिहाचं ते लिहितात. त्यात कोणाले काही वावगं वाटत नाई, सगळीकडं तसंच चालते. सणावारी त बरंच पडते, माणसं घरीच सापडतात.

तिनं विचारलं, त्या दिवशी रजिस्टर कोणी फिरवलं? म्या म्हटलं, मी. तिनं विचारलं, पान कोरं होतं का? म्या म्हटलं, कोरं होतं.

जाऊबाई, पान कोरं होतं. वर काय लिहितीन ते मले काय माहीत? तुम्ही निघून गेल्या तवाही म्या सगळ्याले हेच सांगतलं.

सुभद्रा

---

मांडवखेड
३० मार्च २०२५, पाडवा

जाऊबाई,

सुचिता, हे पत्र वाचताना तुले जड जाईल. तरी वाच. अन् वाचून झाल्यावर आजीच्या तोंडाकडं पाहून मले खोटं काही कळवू नको.

आठ दिवसांपूर्वी अर्पितानं माझ्यासमोर एक फॉर्म ठेवला. जे सांगाल ते मी पुस्तकात वापरीन, म्हणे, पण तुमचं नाव बदलीन. कोणालाच कळणार नाही. म्या विचारलं, काय नाव ठेवशील? ती म्हणे, तुम्हीच सांगा. म्या म्हटलं, चांगुणा ठेव. लहानपणी मले ते नाव फार आवडे.

मंग चांगुणानं सगळं सांगतलं. रेकॉर्ड चालू होतं.

पान कोरं नव्हतं. ठराव आधीच लिहून आला होता, ग्रामसेवकाच्या अक्षरात, निळ्या शाईनं. आदल्या सांजेले तुमच्या दिरानं रजिस्टर घरी आणलं. म्या वाचलं. दोनदा वाचलं. म्या म्हटलं, वहिनीले विचारलं का? ते म्हणे, पंजाबराव मले उपसरपंच करून राह्यला, तू फक्त फिरव. दुसऱ्या दिवशी म्या फिरवलं. ज्याले वाचता येत होतं त्यानं बी वाचलं नाई, कारण कोणीच वाचत नाई. तुमच्या घरी मी शेवटी आली नाई, मधातच आली, म्हणजे तुमाले वेगळं वाटू नये. तुम्ही पुरण वाटून राह्यल्या होत्या. पदराले हात पुसून अंगठा पुढं केला. लिहिलेल्या भागावर म्या तळहात ठेवला होता. तुम्ही एका शब्दानं विचारलं नाई, इतका तुमचा माझ्यावर भरवसा. तुमच्याच अंगठ्यानं म्या तुमाले काढलं.

अर्पितानं विचारलं, नवऱ्यासाठी केलं का? चांगुणा हो म्हणणार होती. हो म्हटलं असतं त सोपं होतं. पण ती पोरगी अशी पाहते की माणसाले अर्धं बोलून भागत नाई. म्हणून खरं तेच सांगतलं. नवऱ्यासाठी थोडं. बाकी माझ्यासाठी. मी दहावी शिकलेली, सरकारी कामाची बाई, घरोघरी लेकरांची वजनं घेत फिरणारी. अन् गावातल्या बाया नळावर अडल्या की तुमाले हाक मारत, जिले स्वतःचं नाव लिहिता येत नाई. मले कोणी विचारत नव्हतं. मले तुमचा हेवा वाटे, जाऊबाई. रोज वाटे. तुम्ही गेल्यावर मले विचारतीन असं वाटलं होतं. तरी नाई विचारलं. ते तुमालेच मनात विचारत राह्यले.

सांगून झाल्यावर दोन रात्री मस्त झोप लागली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता मनात आलं, की हे त चांगुणानं कबूल केलं. सुभद्रा आहे तिथंच आहे. पुस्तक पुण्याले छापून येईल, शिकलेले लोक चांगुणाले चांगलं म्हणतीन, अन् इथं इतिवृत्तात तुम्ही स्वखुशीनं पद सोडलेल्याच राहाल.

अर्पिताले सांगतलं, की एक मेले सभेत मी उभी राहणार. घाबरली ती. म्हणे, "काकू, मी फक्त अभ्यास करायला आलेय. माझ्यामुळे तुमच्या घरात काही व्हायला नको." म्या म्हटलं, बाई, तू दोन महिने आमच्या घरात हे असं काऊन अन् तसं काऊन विचारत बसली, आता उत्तर आलं त घाबरते काऊन?

तुमच्या दिराले काल सांगतलं. तवापासून ते गुढीशी बोलतात, माझ्याशी नाई.

सुभद्रा

---

मांडवखेड
३ मे २०२५

जाऊबाई,

झालं. आता सांगते कसं झालं.

परवा शाळेच्या ओट्यावर सभा भरली. नवी योजना म्हणून गर्दी होती, खालच्या वस्तीतल्या बाया बी आल्या. रजिस्टर फिरवाची गरजच पडली नाई. आधी अर्पितानं तिचा कागद भिंतीले लावला. गोल अन् रेघा पाहून पोट्टे खिदळले, मंग ज्यानं त्यानं आपलं घर शोधलं. तिनं सांगतलं, की ही पाळी पहिल्यापासूनची नाही. बारा वर्षांपूर्वी ती कोणीतरी लावून दिली, अन् त्या बाई गेल्यावरही गावानं ती चालवली. असं फार कमी ठिकाणी दिसतं, म्हणे. नाव तिनं नाई घेतलं. तिच्या नियमात बसत नव्हतं.

मंग मी उठली. अंगणवाडीच्या बाईले मोठ्यानं बोलता येते, तेवढं एक कामी आलं. नाव घेतलं तुमचं. पोळ्याचा दिवस सांगतला. पान कोरं नव्हतं, अन् म्या वाचलं होतं, अन् तळहात ठेवला होता, सगळं सांगतलं. तुमच्याकडं पाहून बोलाले हवं होतं, ते गोजरबाईकडं पाहून बोलली.

पंजाबराव शांतपणानं म्हणे, "वहिनी, जुनं काऊन उकरता? झालं गेलं."

तवा तुमचे दीर उभे राह्यले. मले वाटलं निघून चालले. ते म्हणे, "हिनं फिरवलं, पण पाठवलं म्या होतं. अन् मले तुम्ही." इतकंच म्हटलं अन् बसले. एक महिन्यानं मले त्यांचा आवाज ऐकू आला. पंजाबराव चष्मा काढून पुसत बसला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाई. दोघी-तिघी बाया माझ्याशी बोलत नाई अजून, अन् ते बरोबरच आहे. चौघींनी सांगतलं, की आमचा बी अंगठा होता त्याच्यावर, आम्हाले काऊन नाई सांगतलं? गोजरबाई म्हणे, तो ठराव पुसा. ग्रामसेवक म्हणे, जुना ठराव पुसता येत नाही, नवा लिहिता येतो. मंग नवा लिहिला. खालच्या वस्तीची तोटी आधी सुटणार, जसं होतं तसं. अन् समितीच्या अध्यक्षपदावर तुमचं नाव, तुमची संमती आली त. नाई आली त महिन्यानं दुसरं पाहतीन. पंजाबरावानं बी सही केली. का केली ते अर्पिता मले विचारत होती, म्या म्हटलं ते तू शोध.

संमतीचा कागद या पाकिटात ठेवला. तुमचं मतदारयादीत नाव इथंच घालता येते, घर तुमचंच आहे. अंगण म्या झाडून घेतलं. खाली जिथं फुली केली तिथं अंगठा लावून पाठवा. तिकडं यायची माझी हिंमत होत नाई. तुम्ही दार लोटलं त मले सहन होणार नाई, म्हणून कागद पाठवते.

अर्पिता परवा चालली. घर खायला उठणार. सामान बांधताना तिनं विचारलं, पुस्तकात आता चांगुणा ठेवू की सुभद्राबाई? म्या सुभद्राबाई सांगतलं.

तुमची
सुभद्रा

---

खामगाव
१२ मे २०२५

सुभद्रा आजी,

मी सुचिता लिहिते. आजी सांगते तसंच लिहून राह्यली, माझं एक अक्षर त्यात नाही. तुमची सगळी पत्रं मी आजीला वाचून दाखवली, काही गाळलं नाही. पाडव्याचं पत्र तिनं तीनदा वाचायला लावलं.

आता पुढं आजी सांगते:

सुभद्रा,

मले अक्षर येत नाई, दिसते त. पान कोरं नव्हतं हे मले त्या दिवशीच दिसलं होतं. तुझ्या हाताच्या दोन्ही अंगानं निळी शाई दिसत होती. म्या विचारलं नाई ते भरवशानं नाई. तू स्वतः सांगशील, म्हणून वाट पाह्यली. अंगठ्याले शाई लावून बसली होती. तू म्हटलं, लावा लवकर, अजून चाळीस घरं राह्यली. म्हणून लावला.

मले पदाचं दुःख नव्हतं. तू मले वाचून दाखवलं नाई याचं होतं. ते मले तिथं राहून सोसलं नसतं.

तुझा कागद आला. सुचितानं वाचला. पण मी त्याच्यावर अंगठा लावत नाई. कागद इथंच ठेवला. तू ये. माझ्यापुढं बस, अन् पहिल्या ओळीपासून तूच मले वाचून दाखव. मंग पाहू.